मटणाच्या भांड्यात उरलेली चरबी व रस : त्यांपासून घरगुती रस्सा

ग्रामीण कुटुंबात मटण हे रोजचे अन्न नव्हे. आठवडी बाजार, गावची जत्रा, पाहुण्यांचे आगमन अथवा एखादा सण अशा निमित्तानेच ते घरी येते. महाराष्ट्रात शेळीपालन मोठ्या प्रमाणावर चालते. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात एक कोटीहून अधिक शेळ्या होत्या. तरीही शेळी पाळणाऱ्या घरातील बोकड बहुधा बाजारात विकला जातो आणि त्याच घराला किलो-अर्धा किलो मटण रोख पैसे मोजून आणावे लागते. असे महाग अन्न शिजविल्यावर त्याचा कोणताही भाग वाया जाऊ नये, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

परंतु प्रत्यक्षात पुष्कळ भाग वाया जातो. सुके मटण परतून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी चिकटलेला तपकिरी थर राखेने घासून मोरीत सोडला जातो. वर जमलेली चरबी कधी तशीच रस्श्यात राहून तो ओशट करते, तर कधी मोरीत ओतली जाऊन तेथे थिजते व नळी तुंबविते. मटण शिजविलेले पाणीही गरजेपेक्षा जास्त झाले म्हणून टाकून दिले जाते. वास्तविक या तिन्ही वस्तूंपासून, फारसा वेगळा खर्च न करता, घरातील पाच माणसांना भाकरीबरोबर पुरेल असा उत्तम रस्सा तयार होऊ शकतो. त्यासाठी या वस्तूंचे गुणधर्म समजून घेणे व त्या हाताळताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

भांड्यात काय उरते?

कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. उष्णता लागताच मांसाचे तंतू आखडतात आणि त्यांतील पाणी बाहेर पिळले जाते. यामुळे एक किलो मटण शिजल्यावर त्याचे वजन पाव ते एक तृतीयांशाने घटते. हे बाहेर आलेले पाणी नुसते पाणी नसते. त्यात मांसातील काही प्रथिने, क्षार व पाण्यात विरघळणारी ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे उतरलेली असतात. मटणाचा स्वाद म्हणून जो ओळखला जातो, त्याचाही मोठा भाग या रसातच असतो. मीठ, हळद व आले-लसूण एवढ्यावर शिजविलेल्या मटणाचे हे पाणी पश्चिम महाराष्ट्रात ‘अळणी पाणी’ म्हणून ओळखले जाते व लहान मुलांना आणि आजाऱ्यांना आवर्जून दिले जाते.

दुसरी वस्तू म्हणजे चरबी. शेळीच्या शरीरातील चरबी मुख्यतः पोटाच्या आत, गुर्द्यांभोवती व आतड्यांवरील पडद्यात साठते. मांसाच्या तंतूंमध्ये ती त्या मानाने कमी असते. मेंढीच्या अंगावर कातडीखालीही चरबीचा थर असतो. म्हणून मटण कोणत्या जनावराचे व कोणत्या भागाचे आहे, यावर भांड्यात किती चरबी सुटेल हे अवलंबून राहते. शेळ्या-मेंढ्यांची चरबी कोंबडीच्या चरबीपेक्षा कठीण असते व शरीराच्या उष्णतेहून अधिक उष्णता मिळाल्याखेरीज ती पूर्णपणे वितळत नाही. रस्सा कोमट होताच टाळूला व ओठांना मेणासारखा थर जाणवतो, त्याचे कारण हेच होय.

तिसरी वस्तू म्हणजे तळाचा तपकिरी थर. पाणी असेपर्यंत भांड्यातील उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. पाणी आटल्यावर मात्र तळ पुष्कळ अधिक तापतो आणि रसातील प्रथिने व शर्करा यांचा संयोग होऊन खमंग, तपकिरी पदार्थ तयार होतात. भाजलेल्या भाकरीला जो पापुद्र्याचा वास येतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. हा थर तपकिरी असेपर्यंत मौल्यवान असतो. तो काळा पडला की कडू होतो व मग त्याचा काही उपयोग राहत नाही.

मांस भट्टीत भाजण्याची पद्धत असलेल्या इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत, भाजताना खालच्या ताटात गळलेली चरबी व रस यांत गव्हाचे पीठ परतून ग्रेव्ही करतात. आपल्याकडे मटण भट्टीऐवजी पातेल्यात शिजते, एवढाच फरक आहे. चरबी वेगळी करणे, थर सोडविणे आणि रसाला दाटपणा आणणे या तीन क्रिया दोन्हीकडे सारख्याच आहेत.

चरबी वेगळी करणे

चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्याने ती आपोआप वर येते. मटणाच्या फोडी काढून घेतल्यावर उरलेले अळणी पाणी उभट भांड्यात ओतावे, ते भांडे थंड पाण्याच्या परातीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि वर आलेली चरबी उथळ पळीने काढून वाटीत घ्यावी. घरी शीतकपाट असल्यास काम अधिक सोपे होते. त्यात चरबीची घट्ट चकती तयार होते व ती अखंड उचलता येते. चकतीखालचे पाणी खळीसारखे थिजले असेल, तर ते बिघडले असे समजू नये. हाडे, सांधे व शिरा यांतील चिवट भाग दीर्घकाळ शिजून पाण्यात उतरल्याची ती खूण आहे, आणि अशा पाण्याचा रस्सा मुळातच दाट होतो.

काढलेली सर्व चरबी रस्श्यात परत घालू नये. एक मोठा चमचा चरबीत सुमारे ११५ कॅलरी असतात. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला त्या पचतात. परंतु बैठे काम करणाऱ्यांनी व हृदयविकार असलेल्यांनी ही चरबी शक्यतो टाळावी. अर्धा लिटर रस्श्याला दीड ते दोन मोठे चमचे चरबी पुरेशी होते.

शिल्लक चरबी टिकवावयाची असल्यास तिच्यातील पाण्याचा अंश घालविला पाहिजे, कारण ओलावा असेपर्यंत तीत जंतू वाढू शकतात. ती मंद आचेवर ठेवावी. बुडबुडे व तडतड पूर्णपणे थांबली म्हणजे पाणी उडून गेले असे समजावे. मग ती स्वच्छ फडक्यातून गाळून कोरड्या बरणीत भरावी, झाकण घट्ट लावावे व बरणी थंड, अंधाऱ्या जागी, शक्य तर शीतकपाटात ठेवावी. उजेड व हवा यांमुळे चरबी खवट होते. खवट वास आलेली चरबी वापरू नये.

दाटपणा कशाने येतो?

रस्श्याला दाटपणा दोन निरनिराळ्या प्रकारांनी येतो व त्यांची गल्लत केल्यानेच बहुतेक रस्से फसतात.

पहिला प्रकार पिठाचा. ज्वारी, तांदूळ, गहू अथवा हरभरा यांच्या पिठात पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. पाणी तापून सुमारे ६५ ते ८० अंशांवर गेले की हे कण पाणी शोषून फुगतात आणि रस दाट होतो. मात्र कोरडे पीठ एकदम उकळत्या रसात टाकल्यास त्याच्या बाहेरच्या कणांची तत्काळ खळ होते, ती आतील पिठाला वेढून टाकते आणि आत कोरडी राहिलेली गुठळी तयार होते. कितीही ढवळले तरी अशी गुठळी मोडत नाही. यावर उपाय म्हणजे पीठ प्रथम चरबीत परतणे. चरबीचे अस्तर लागल्याने पिठाचा कण न् कण सुटा होतो व रस घातल्यावर प्रत्येक कण स्वतंत्रपणे फुगतो. परतल्याने पिठाचा कच्चेपणाही जातो. पीठ जितके अधिक लाल परतावे तितका स्वाद वाढतो. पण त्याची दाटपणा आणण्याची शक्ती कमी होते. म्हणून लालसर परतलेले पीठ थोडे अधिक घ्यावे लागते.

दुसरा प्रकार वाटणाचा. भाजलेले सुके खोबरे, तीळ, खसखस व शेंगदाण्याचे कूट यांनी येणारा दाटपणा फुगण्यामुळे नव्हे, तर त्यांचे बारीक कण रसात तरंगत राहिल्यामुळे येतो. यास्तव वाटण जितके बारीक तितका रस्सा एकजीव होतो. जाडसर वाटण तळाशी बसते व वर पाणी राहते. या पदार्थांत स्वतःचे तेल भरपूर असते व उकळल्यावर ते तर्रीच्या रूपाने वर येते. म्हणून वाटण घालणार असल्यास मटणाची चरबी त्या प्रमाणात कमी करावी.

प्रत्यक्ष कृती

एक किलो मटण प्रथम शिजवून नंतर सुके परतले आहे असे समजल्यास, उरलेल्या ऐवजातून पाच वाट्या रस्सा पुढीलप्रमाणे करावा.

साहित्य : काढून ठेवलेली चरबी २ मोठे चमचे, अळणी पाणी पाऊण लिटर, ज्वारीचे पीठ २ मोठे चमचे, मध्यम आकाराचा कांदा १, आले-लसणाचे वाटण १ चहाचा चमचा, कांदा-लसूण मसाला २ चहाचे चमचे, भाजून बारीक वाटलेले सुके खोबरे २ मोठे चमचे, चवीपुरते मीठ, कोथिंबीर.

१. ज्या पातेल्यात मटण परतले तेच घ्यावे. ते धुऊ नये. तळाला काळे डाग असतील तर ते पातेले सोडून दुसरे घ्यावे.

२. पातेल्यात चरबी घालून मंद आचेवर बारीक चिरलेला कांदा तांबूस होईपर्यंत परतावा. कांद्याला सुटलेल्या पाण्याने तळाचा थर सैल होऊ लागतो. नंतर आले-लसणाचे वाटण घालावे.

३. ज्वारीचे पीठ घालून दोन-तीन मिनिटे सतत ढवळत परतावे. कच्च्या पिठाचा वास जाऊन खमंग वास आला म्हणजे मसाला घालून लगेच पुढील कृती करावी, कारण मसाला चटकन करपतो.

४. कोमट अळणी पाणी प्रथम अर्धी वाटी घालून ढवळावे. मिश्रण पिठल्यासारखे घट्ट होईल. ते गुळगुळीत झाल्यावर आणखी एक वाटी, व मग उरलेले सर्व पाणी घालावे. याच वेळी लाकडी उलथण्याने तळ खरवडावा. सर्व तपकिरी थर रसात विरघळून तळ स्वच्छ दिसू लागला पाहिजे.

५. खोबऱ्याचे वाटण घालून रस्सा उकळू द्यावा. नंतर आठ-दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावा.

६. मीठ सर्वांत शेवटी, चव पाहून घालावे. अळणी पाण्यात मीठ अगोदरच असते आणि आटल्यावर त्याचा खारटपणा वाढतो.

चिंच, आमसूल अथवा लिंबू वापरावयाचे असल्यास तेही शेवटीच घालावे. आंबट पदार्थाबरोबर पीठ फार वेळ उकळल्यास रस्सा पुन्हा पातळ होतो. कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट रस्सा मुळीच करू नये वा ठेवू नये. तो कळकतो व बाधतो.

प्रेशर कुकरमध्ये शिजविलेल्या मटणाला तपकिरी थर धरत नाही, कारण तेथे पाणी आटत नाही. अशा वेळी फोडी शिजविण्यापूर्वी थोड्या चरबीत लालसर परतून घ्याव्यात व त्याच कुकरमध्ये पाणी घालून तळ सोडवून घ्यावा.

कोल्हापूरचा तांबडा व पांढरा रस्सा हीदेखील अळणी पाण्याचीच दोन रूपे आहेत. तांबड्यात मिरचीचा मसाला व भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण असते. पांढऱ्यात नारळाचे दूध, खसखस व तीळ यांचे वाटण आणि खडा मसाला असतो. नारळाचे दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळू नये, नुसता तापवावा. अन्यथा दूध फुटते.

रस्सा बिघडल्यास

गुठळ्या झाल्यास रस्सा गाळून घ्यावा व गाळणीतील गुठळ्या पळीने दाबून पुन्हा रसात मिळवाव्यात. फार पातळ झाल्यास एक चमचा पीठ थंड पाण्यात कालवून, ढवळत ढवळत घालावे व पाच मिनिटे उकळावे. ओशट झाल्यास भांडे थोडे कलते ठेवून वरची चरबी पळीने काढावी. खारट झाल्यास बिनमिठाचे गरम पाणी व त्या प्रमाणात वाटण वाढवावे. कडू झाल्यास मात्र उपाय नाही. करपलेला थर रसात उतरला आहे असे समजून तो टाकून द्यावा.

शिळ्या रस्श्याचा धोका

रस्सा करण्याइतकेच तो ठेवण्याचे ज्ञान महत्त्वाचे आहे. जत्रेच्या दिवशी मोठ्या पातेल्यात रस्सा केला जातो, रात्री उरलेला भाग झाकण लावून चुलीवरच ठेवला जातो आणि सकाळी तो कोमट असतो. ‘अजून ऊन आहे, म्हणजे चांगला आहे’ असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ही ऊबच घातक असते.

मांसावर आढळणारे काही जंतू उकळण्याने पूर्णपणे मरत नाहीत. ते कवच धारण करून टिकून राहतात आणि रस्सा निवू लागला की पुन्हा वाढू लागतात. ४० ते ५० अंशांच्या आसपास त्यांची वाढ विलक्षण वेगाने होते. मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी ही ऊब तासन्‌तास टिकते. दाट रस्सा पातळ रस्श्याहून अधिक सावकाश निवतो, म्हणून तो अधिक जपावा लागतो. असा रस्सा खाल्ल्यावर सुमारे सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा एक-दोन दिवसांत बरा होतो. परंतु लहान मूल, वृद्ध अथवा अशक्त व्यक्ती यांच्या जिवावर बेतू शकते. विशेष म्हणजे अशा रस्श्याला वास अथवा चव बदललेली असेलच असे नाही.

सकाळी पुन्हा उकळला म्हणजे दोष गेला, हेही पूर्णपणे खरे नाही. उकळण्याने वाढलेले बहुतेक जंतू मरतात. पण हाताच्या जखमेतून वा नाकातोंडातून अन्नात शिरलेले काही जंतू जे विष तयार करतात, ते उकळूनही नष्ट होत नाही. यास्तव पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत.

उरलेला रस्सा जेवण होताच दोन-तीन पसरट भांड्यांत, दोन इंचांहून अधिक खोल होणार नाही असा ओतावा. ती भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळावे. दोन तासांच्या आत रस्सा शीतकपाटात गेला पाहिजे, व तेथून दोन दिवसांत संपला पाहिजे. खाताना लागेल तेवढाच भाग काढून तो चांगला उकळावा; पुनःपुन्हा गरम व थंड करू नये. घरी शीतकपाट नसल्यास अथवा वीज फार वेळ जात असल्यास रस्सा एका जेवणापुरताच करावा. जे अळणी पाणी व जो तळाचा थर त्या जेवणास लागणार नाही, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याचा मोह टाळावा. काटकसर ही वेळेवर वापरण्यात आहे, साठविण्यात नव्हे.

जुलाब झालेच तर रुग्णास जलसंजीवनी थोडी थोडी देत राहावी. ताप, शौचातून रक्त किंवा ग्लानी दिसताच त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

रस्सा कोणाच्या ताटात?

मटणाचा सारा कस रस्श्यात उतरतो, फोडी म्हणजे केवळ चोथा, असा एक रूढ समज आहे. त्याच्या आधारे पुरुषांना व पाहुण्यांना फोडी वाढल्यावर शेवटी जेवणाऱ्या गृहिणीने रस्सा-भाकरीवर भागवावे हे अनेक घरांत ओघानेच येते. हा समज शास्त्राला धरून नाही. रस्श्यात स्वाद, क्षार व काही जीवनसत्त्वे उतरतात हे खरे. परंतु मांसातील प्रथिनांचा मोठा भाग व लोह फोडींतच राहते. हाडे उकळल्याने पाण्याला जी खळ येते ती प्रथिनांचीच, पण अपुऱ्या प्रतीची असते. शरीराला आवश्यक असा ट्रिप्टोफॅन हा घटक तिच्यात नसतो. हाडांतील चुनाही पाण्यात फारच थोडा उतरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. इतकेच नव्हे, तर मांसाबरोबर खाल्लेल्या भाकरीतील व पालेभाजीतील लोहही अधिक प्रमाणात शोषले जाते. यावरून एखाद-दुसऱ्या फोडीचेही मोल ध्यानात येईल. म्हणून वाढणी सुरू करण्यापूर्वीच गरोदर व अंगावर पाजणारी स्त्री, वाढत्या वयाची मुलगी आणि शेवटी जेवणारी गृहिणी यांच्या वाट्याच्या फोडी वेगळ्या काढून ठेवाव्यात. आजाऱ्यालाही नुसते अळणी पाणी देऊन न थांबता, पचेल तसे मऊ शिजलेले मांस अथवा वरण त्याबरोबर द्यावे. ताटात लिंबाची फोड असावी; तिच्यामुळे भाकरीतील लोहाचे शोषण वाढते.

सारांश, भांड्यात उरलेली चरबी मोजून वापरावी, तळाचा थर करपू न देता रसात सोडवावा, पीठ चरबीत परतून मगच रस घालावा आणि तयार झालेला रस्सा ताजा असतानाच संपवावा. विकत आणलेल्या मटणाचे पैसे अशा रीतीने पूर्णपणे वसूल होतात. मात्र रस्सा हा मटणाला पूरक आहे, त्याच्या जागी येणारा नव्हे. फोडी आणि रस्सा ही दोन्ही घरातील प्रत्येकाच्या ताटात पडतील तेव्हाच ही काटकसर सर्वांच्या हिताची ठरेल.